पंचेचाळीसवर अडकलेली सुई

लॅबमधल्या वस्तू अजून बोलायच्या ना, तेव्हाची गोष्ट. एका कॉलेजात होकायंत्राच्या दोन सुया होत्या. थोरली गंजून पंचेचाळीस अंशांवर अडकलेली. धाकटी मात्र तारेतला करंट बदलला की लगेच वळायची, एकदम खरी!

थोरली म्हणाली, "अगं बये, पोरं सिनियरच्या जर्नलमधूनच रीडिंग छापतात. त्यात पंचेचाळीस आहे, तेच दाखव की!"

"पण ताई, आज करंट कमी आहे. अडतीसच येतात!"

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत थोरलीपुढच्या पोरांना पैकीच्या पैकी मिळाले. धाकटीपुढे बसलेल्या मृण्मयीने अडतीस लिहिलं होतं. सरांनी टिचकी मारली. सुई हलली आणि पुन्हा अडतीसवरच आली.

"बिघडलीये ही," म्हणत सरांनी तिला भंगारच्या खोक्यात टाकलं.

मृण्मयीने अडतीस खोडून पंचेचाळीस लिहिलं.

"शाब्बास," सर म्हणाले, "आता जमायला लागलं तुला फिजिक्स."