दहा मासे, चौदा खुणा

फार पूर्वी, नदीला अजून बांध घातले नव्हते तेव्हा, एका डोहावर खंड्या पक्षी आणि पाणमांजर भागीत मासे धरत. धरलेला मासा काठच्या खड्ड्यात टाकायचा आणि शेवटी ज्याचे त्याने न्यायचे, असं ठरलं होतं. एके दिवशी दहा मासे जमले आणि पाणमांजर म्हणालं, "यातले सहा माझे."

खंड्या चिडला. "खोटं! सहा मी धरलेत. घरी पिल्लं उपाशी आहेत माझी."

दोघं बगळ्याकडे गेले. बगळा म्हणाला, "दोघांचे मिळून दहा, एवढ्यावरून कुणाचे किती ते कसं कळणार? आणखी काहीतरी सांगा."

खंड्याला एकदम सुचलं. "बगळोबा, माझ्या माशावर चोचीची एकच खूण असते, याच्या माशावर दातांच्या दोन. सगळ्या खुणा मोजा."

खुणा चौदा भरल्या. बगळा म्हणाला, "सगळे मासे खंड्याचे असते तर खुणा दहाच असत्या. पाणमांजराच्या प्रत्येक माशामागे एक खूण जास्त, आणि वरच्या खुणा चार. म्हणजे त्याचे मासे चार, खंड्याचे सहा."

खंड्याला हायसं वाटलं. पण पाणमांजराने दात दाखवत विचारलं, "उद्या कुठल्या पाण्यात उभे राहणार, बगळोबा?"

बगळ्याने मान आखडली आणि सहा मासे पाणमांजरापुढे सरकवले.

"अहो, हिशोब तर तुम्हीच केलात!" खंड्या कळवळला.

"सहा नि चार काय, चार नि सहा काय," बगळा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बेरीज दहाच ना?"

खंड्याने चार मासे एकेक करून घरट्यात नेले. याआधीही त्याला कमीच मिळत असेल, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं, आणि पिल्लं आणखी मागत होती.