गव्यांची वाट

डोंगरात सडका नव्हत्या तेव्हाची गोष्ट. गवे भातात शिरतात म्हणून राजाने सगळा कळप मारायचा हुकूम दिला. धाकू शिकारी आपली माणसं घेऊन पुरुषभर उंच कारवीच्या झुडपांतून थेट झऱ्यावर पोचला.

कळपाची म्हातारी गवी पुढे झाली. "मार खुशाल. पण एवढ्या कारवीतून आलास कसा?"

"वाट होती."

"ती आमच्या खुरांनी पडलीय. आम्ही गेलो की कारवी ती गिळेल. मग उन्हाळ्यात तुझं गाव पाण्याला येणार कुठून?"

धाकूने बंदूक खांद्याला अडकवली. "राजाला काय सांगू, म्हातारे?"

"आमचं कुरण नांगरू नको म्हणावं, म्हणजे आम्ही भातात येणार नाही. आणि आता आमच्याच वाटेने घरी जा. दुसरी नाही."