पेटीतल्या जुळ्या आणि कपाटातली म्हातारी

वस्तू बोलत असत त्या दिवसांतली गोष्ट, म्हणजे अगदी परवापरवाची. शंकरराव कासारांकडे एक जुनी डिस्क होती. दर खंडेनवमीला ते तिला फूल वाहत आणि कॉम्प्युटरमधले फोटो, आवाज तिच्यावर उतरवून ठेवत. मग कॉम्प्युटरमध्ये दोन जुळ्या डिस्क आल्या. एकीवर जे होई, ते त्याच क्षणी दुसरीवर होई. कासार निर्धास्त झाले, खंडेनवमीचं फूल आणि उतरवणं थांबलं आणि म्हातारी डिस्क कपाटातच राहिली.

"झोपा आता, आजीबाई," जुळ्या हसल्या. "एक मेली तरी दुसरी आहेच."

"मरणाचं ठीक आहे गं. चुकीचं काय?"

पुढे कासारांची बायको वारली. आजारपणात तिने नातीसाठी म्हटलेल्या ओव्या जुळ्यांपाशी होत्या. एकदा नको ते पुसताना कासारांच्या हातून त्याच कायमच्या पुसल्या गेल्या.

"तू तरी ठेवायच्या होत्यास," पहिली कळवळली.

"तू पुसल्यास म्हणून मी पुसल्या. आपल्याला तेवढंच येतं."

कासारांनी म्हातारीला कपाटातून काढून जोडलं. लग्नाचे फोटो निघाले, मुलीचं बारसं निघालं. ओव्या नव्हत्या.

"आणखी बघ ना, बाई."

"मालक, तुम्ही मला शेवटचं फूल वाहिलंत, तिथपर्यंतच मला माहीत आहे."