तहकूब शाळा

जांभूळखोऱ्याच्या शाळेत पोरं नऊ. “पट वीसच्या आत, खर्च परवडत नाही, शाळा बंद करा,” म्हणत शिक्षण खात्याचे टिपरेसाहेब शाळेच्या अंगणात भरलेल्या ग्रामसभेत आले. ठरावाला शंभर माणसं लागत होती, जमली बावीस.

साहेब हसले. “अडतंय कुठं? सभा तहकूब करा. अर्ध्या तासानं हीच माणसं बसली तरी चालतं. तहकूब सभेला कोरम लागत नाही.”

शाळा समितीच्या अध्यक्ष हौसाबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी शाळेची घंटा बडवली. “साहेब, शाळा तहकूब केली! अर्ध्या तासानं हीच नऊ पोरं बसतील. तहकूब शाळेला पट कशाला लागतोय?”

अर्ध्या तासानं बावीस हात वर झाले आणि शाळा चालू ठेवायचा ठराव मंजूर झाला. कोरम नव्हता. पण तो लागतच नाही, हे साहेबांनीच सांगितलं होतं.