काळं अंडं आणि गुळाचा खडा

एक होता मुंगळा. नाव त्याचं तुरतुऱ्या. चालायचा तुरतुर तुरतुर.

आज त्याच्या धाकट्या बहिणीचं बारसं होतं. बारशाला गूळ हवा. गूळच नसला तर कसलं आलंय बारसं!

तुरतुऱ्याला गुळाचा खडा सापडला. गॅरेजच्या दारात. पिवळा पिवळा, गोड गोड. तुरतुऱ्याने ओढला. हुश्श! पुन्हा ओढला. हुश्श!

इतक्यात आला ट्रक. म्हातारा ट्रक. घर्र घर्र घर्र... ठप्प!

खड्यावर चाक.

गॅरेजमधून दस्तगीरमामा आले. मामा म्हणजे मिस्त्री. त्यांनी ट्रकचा जुना फिल्टर काढला. पोत्यावर ठेवला. चहाला असते गाळणी, तसा तेलाला असतो फिल्टर. तेलातली घाण तिथेच अडते.

तुरतुऱ्या गेला ट्रककडे. तुरतुर तुरतुर.

"ट्रकआजोबा, ट्रकआजोबा, हला ना!
बारशाला गूळ हवा.
गूळ चाकाखाली."

ट्रक म्हणाला, "मी नाही हलणार. फिल्टर नसला की माझं तेल गळतं. मामांनी नवा बसवला, तर हलेन."

"बरं," म्हणाला तुरतुऱ्या. गेला मामांकडे. तुरतुर तुरतुर.

"दस्तगीरमामा, दस्तगीरमामा, फिल्टर बसवा ना!
बारशाला गूळ हवा.
गूळ चाकाखाली.
ट्रक हलेना."

मामा म्हणाले, "मी न्हाई बसवणार. लाल फिल्टर आणला हुता. लई झ्याक दिसत हुता. पण बसतोय कुठं? त्याचं तोंडच मोठं. समोरच्या दुकानातल्या काकूंनी दुसरा दिला, तर बसवीन."

"बरं," म्हणाला तुरतुऱ्या. समोर पद्माकाकूंचं दुकान. दुकानात फिल्टरच फिल्टर. गेला काकूंकडे. तुरतुर तुरतुर.

"पद्माकाकू, पद्माकाकू, फिल्टर द्या ना!
बारशाला गूळ हवा.
गूळ चाकाखाली.
ट्रक हलेना.
मामा फिल्टर बसवेनात."

काकू म्हणाल्या, "मी नाही देणार. रंग बघून फिल्टर नेतात होय? ट्रक जुना. त्याचं माप जुनं. जुना फिल्टर दाखवा, तर जुळवून देते. तो बघ, तिकडं. ठिपकीच्या पोटाखाली."

ठिपकी म्हणजे कोंबडी. पोत्यावर बसली होती. गप्प बसली होती.

कोंबडी मुंगळे खाते. तुरतुऱ्याला भीती वाटली. फार वाटली. पाय मागे वळले. सगळेच्या सगळे वळले. तरी तो गेला. बारसं होतं ना! हळूच गेला. तुर... तुर... तुर...

"ठिपकीताई, ठिपकीताई, ऊठ ना!
बारशाला गूळ हवा.
गूळ चाकाखाली.
ट्रक हलेना.
मामा फिल्टर बसवेनात.
काकू फिल्टर देईनात."

ठिपकी म्हणाली, "मी नाही उठणार. मी अंडं उबवतेय."

"पण ते काळं आहे!"

"असू दे. गोल आहे. गरम आहे. माझं आहे. अंडं फुटलं, तर उठेन."

"बरं," म्हणाला तुरतुऱ्या. गेला अंड्याकडे.

"अंड्या, अंड्या, फूट ना!
बारशाला गूळ हवा.
गूळ चाकाखाली.
ट्रक हलेना.
मामा फिल्टर बसवेनात.
काकू फिल्टर देईनात.
ठिपकी उठेना."

अंडं काही बोललं नाही. बोलणार कसं? तो फिल्टर होता.

तुरतुऱ्याला रडू आलं. घरी बाळ पाळण्यात. घरी पाहुणे. आणि गूळ नाही.

मग त्याला वाटलं, अंड्याला ऐकू कमी येत असेल. आत जाऊन सांगावं.

अंड्याला भोकं होती. तुरतुऱ्या एका भोकातून आत गेला. आत काळोख. आत काळं तेल. घसर्रर्र! आत कुणीच नव्हतं. तुरतुऱ्या दुसऱ्या भोकातून बाहेर आला. आधी काळा होता. आता चकचकीत काळा झाला.

समोर चोच. केवढी मोठी चोच!

तुरतुऱ्याने डोळे घट्ट मिटले.

ठिपकी म्हणाली, "आलं! माझं पिल्लू आलं!"

तिने मान वाकडी करून पाहिलं. "पाय जरा जास्त आहेत," ती म्हणाली. "चालेल."

कोंबडी मुंगळे खाते. पण स्वतःचं पिल्लू कसं खाणार?

मग ठिपकी उठली.

मामांनी जुना फिल्टर उचलला. काकूंना दाखवला.

काकूंनी एक नवा काढला. जुन्याच्या तोंडाला तोंड लावलं. मोठा! नको. दुसरा काढला. तोंडाला तोंड लावलं. लहान! नको. तिसरा काढला. धुळकट होता. मागे पडला होता. तोंडाला तोंड लावलं. टप्प! हाच.

काकूंनी फिल्टर दिला.

मामांनी त्याच्या रबरी रिंगेला बोटाने तेल लावलं. गर गर गर फिरवला. हाताने घट्ट केला. बसला! वर नवं तेल ओतलं. गुळ्ळुक गुळ्ळुक.

ट्रक म्हणाला, "आता बरं वाटतंय." घर्र घर्र घर्र...

ट्रक हलला!

तुरतुऱ्या धावला. तुरतुर तुरतुर. बघतो तर काय! खडा नव्हता. चाकाने त्याची पापडी केली होती. चपटी पापडी. रुंद पापडी. तुरतुऱ्या तिच्याभोवती फिरला. फिरला, फिरला, फिरला. संपेचना.

"गूळ वाढला की!" म्हणाला तुरतुऱ्या.

त्याने ओढला. हुश्श! हलेना.

ठिपकी म्हणाली, "थांब बाळा. आई आहे ना." तिने गूळ चोचीत धरला. पिल्लू पुढे, आई मागे. तुरतुर तुरतुर. पक पक पक. गूळ नेऊन ठेवला मुंगळ्यांच्या बिळाशी.

बारसं झालं. बाळाचं नाव ठेवलं पापडी. सगळ्या मुंगळ्यांनी गूळ खाल्ला.

ठिपकी दारातच बसली होती. तिनेही गूळ खाल्ला.

फक्त गूळ.