न आलेले लांडगे

फार पूर्वी, गावं लहान आणि माळरानं मोठी होती तेव्हा, एका माळावर एक धनगर आणि त्याची बायको मेंढरं घेऊन राहत असत. त्यांच्याकडे एक कुत्रा होता. कुत्रा कसला, वासराएवढं धूडच ते! पंजे भाकरीसारखे रुंद आणि आवाज असा दणदणीत, की पलीकडच्या ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायका दचकत.

या कुत्र्याला एकच खोड होती. तो भुंकत असे. सकाळी उठला की मेंढरांच्या तळाभोवती एक फेरी मारून चारी दिशांना पोटातून भुंके. दुपारी वारा फिरला की वाऱ्याकडे तोंड करून भुंके. सावल्या लांबल्या की पुन्हा तेच. समोर पाहावं तर काही नसे. वाटसरू आला तर मात्र तो एकदाच भुंके, आणि धनगरीण “ये बाबा, बस” म्हणाली की मुकाट पाय पसरून बसे.

त्या मुलखातल्या धनगरांची एक रीत होती. वर्षातून एकदा सगळे देवाच्या टेकडीवर जमत. ज्या कुत्र्याच्या अंगावर लांडग्याच्या दातांचे वण असतील, त्याच्या कपाळावर त्यांच्यातला जाणता म्हातारा भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावी. त्या कुत्र्याच्या धन्याला पहिल्या पंगतीचा मान मिळे.

शेजारच्या तळावरच्या धनगराला हा मान दर वर्षी मिळायचा. त्याच्या कुत्र्याचा एक कान फाटलेला होता आणि अंगभर वण होते. तो कुत्रा लांडगा मेंढरांत शिरेपर्यंत झोपलेला असे आणि मग उठून जिवाच्या आकांतानं लढे. दर साली आठ-दहा कोकरं जात. पण गेलेल्या कोकरांची चौकशी कोण करतो? सगळे वण बघत आणि तोंडभरून कौतुक करत.

आपल्या धनगराला मात्र सगळे छळत. “तुझ्या कुत्र्यानं किती लांडगं लोळवलं रं?”

“एक बी न्हाई.”

“मग करतंय काय त्ये?”

“भुकतंय,” असं म्हणून धनगर मान खाली घाले, आणि टेकडीभर हशा पिके.

पाच वर्षं त्यानं हे सोसलं. पाच वर्षांत त्याचं एक कोकरू गेलं नव्हतं, पण ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. सहाव्या वर्षी, जमायला चार दिवस उरले असताना, त्यानं सुंभाची दोरी वळली आणि एक मुसकं विणलं. वासरानं माती खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात, तसलं जाळीदार मुसकं. ते त्यानं कुत्र्याच्या तोंडावर चढवलं आणि जबडा हलू नये इतकं आवळलं.

धनगरीण पाहतच राहिली. “अवं, ह्ये काय करताय?”

“गप बस. ह्यो भुकतोय म्हनून लांडगं येत न्हाईत. लांडगं येत न्हाईत म्हनून वण न्हाईत. आता येऊ दे एकांदा. मी हितंच बसतो. लांडगा दिसला की मुसकं काढतो. ह्यो भिडंल, चार दात लागतील, आन ह्या साली भंडारा आपला.”

“आन गाठ सुटली न्हाई तर?”

“मी मारलेली गाठ मला सुटंना व्हय?”

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं?

पहिला दिवस सुना गेला. कुत्रा वाऱ्याकडे तोंड करून उभा राही, त्याच्या छातीचा भाता हले, पण आवाज फुटेना. तो पुढच्या पंजांनी मुसकं ओरबाडी आणि धन्याकडे पाही. धनगर तोंड फिरवून बसे.

दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, लख्ख उन्हात ते आले.

मोठी मेंढरं घेऊन धनगरीण ओढ्यावर गेली होती. कोकरं वाघुरीत, म्हणजे काठ्यांना जाळं लावून केलेल्या कोंडाळ्यात होती. धनगर एका लांडग्याची वाट पाहत होता. समोरून तीन आले आणि मागून चार. कुणी पळत नव्हतं. घरी परतावं तसे ते निवांत चालत आले.

धनगरानं झेप घेऊन मुसक्याची गाठ धरली. दोन दिवस कुत्र्यानं ओढून आणि लाळेनं भिजवून ती दगडासारखी घट्ट केली होती. त्याची नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, पण गाठ तसूभर हलली नाही. वाघुरीत कोकरं ओरडू लागली. कुत्र्यानं धन्याला हिसडा दिला आणि बांधल्या तोंडानंच तो सात लांडग्यांत घुसला. तो धडका देत होता. ते चावत होते.

आरडाओरडा ऐकून धनगरीण धावत आली. तिच्या मागून जाणता म्हातारा आणि आसपासचे धनगर काठ्या घेऊन आले, तेव्हा कुठे लांडगे पळाले. वाघुरीत सतरा कोकरं मरून पडली होती. दारात कुत्रा आडवा झाला होता. धनगरिणीनं विळ्यानं मुसकं कापलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. धनगर कुत्र्याशेजारी गुडघे टेकून बसला होता.

“पाच साल एक आला न्हाई, तात्या,” तो म्हाताऱ्याला म्हणाला. “आन आज सात? आजच कसं आलं?”

म्हातारा खाली वाकून माती बघत होता. “ऊठ,” तो म्हणाला, “चल माझ्यासंगं.”

तळापासून बऱ्याच अंतरावर त्यानं धनगराला उभं केलं. तिथल्या मऊ मातीत लांडग्यांची पावलं होती. कालची होती, परवाची होती, मागच्या पावसाच्या चिखलात उमटून वाळलेलीही होती. एकावर एक, शेकड्यांनी. म्हातारा चालत राहिला आणि पावलं संपेनात. साऱ्या तळाला वळसा घालून ती पुन्हा पहिल्या जागी आली. एवढ्या पावलांतलं एकही जुनं पाऊल आत वळलेलं नव्हतं.

“रोज आल्यात,” म्हातारा म्हणाला. “त्येचा आवाज पोचतो तिथवर येत व्हतं आन माघारी फिरत व्हतं.”

धनगर मटकन खाली बसला. आपण पाच वर्षं लांडग्यांच्या मधोमध बेफिकीर झोपत होतो, हे त्याला त्या भर उन्हात कळलं.

कुत्रा वाचला. दोन दिवसांनी टेकडीवर सगळे जमले, तेव्हा धनगरानं त्याला उचलूनच नेलं होतं. त्याच्या अंगावर दातांच्या इतक्या खुणा होत्या, की फाटक्या कानाच्या कुत्र्याचा धनीसुद्धा खाली बघू लागला. रीतीप्रमाणे म्हाताऱ्यानं हळदीची चिमूट घेऊन हात पुढे केला.

धनगरानं तो हात धरला.

“नगा लावू, तात्या,” तो म्हणाला आणि सगळ्यांदेखत रडू लागला. “ह्ये लांडग्यांचं दात न्हाईत. ह्ये माझं दात हायत.”

त्या दिवशी टेकडीवर कुणीच हसलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या राखणीमुळे संकट दारापर्यंत येतच नाही, त्याला निकामी समजून त्याचं तोंड बांधू नये.