वस्तादांची पाटी

"एक सुई टोचली तर कुणाला कळणार हाय, वस्ताद?"

हिंदुरावनं औषधाची बाटली पुढं धरली. उद्या मैदान होतं, मानाच्या गदेची कुस्ती. समोरचा गडी सहा महिन्यांत दुप्पट फुगला होता. सुया घेतो, असं सगळं गाव बोलत होतं. त्यानं हिंदुरावला दोनदा चीत केलं होतं. तिसऱ्यांदा हिंदुराव हरला की मोठ्या मैदानाचं आवतण कायमचं बंद.

सत्तरीचे ज्ञानू वस्ताद तालमीतल्या हौद्याची लाल माती चाळत होते.

"ह्या कानाचं त्या कानाला कळायचं न्हाई," हिंदुराव म्हणाला.

वस्तादांनी चाळण बाजूला ठेवली आणि भिंतीकडं बघितलं.

आमच्या तालमीच्या भिंतीवर एक काळी पाटी आहे. वस्तादांची पाठ मातीला लावणाऱ्यानं तिच्यावर आपल्या हातानं नाव लिहायचं, हा इथला रिवाज. चाळीस वर्षं झाली, पाटी कोरी आहे. आहे का तालुक्यात दुसऱ्या कुठल्या तालमीत असली पाटी? दाखवा की!

वस्ताद हौद्यात उतरले आणि सरळ उताणे पडले. दोन्ही खांदे मातीला.

"लिव्ह नाव."

"आँ?"

"चीत झालो की. खडू कोनाड्यात हाय."

हिंदुराव हसला. वस्ताद काही उठेनात, तसं त्याचं हसू गेलं.

"चेष्टा नका करू, वस्ताद."

"चेष्टा कसली? पाटीवर तुझं नाव लागलं म्हणून कळलं, की तो गडी निम्मा गार हुतोय बघ. लिव्ह."

ते काही खोटं नव्हतं. हिंदुरावनं खडू घेतला. पाटीपाशी गेला. हात वर गेला...

"न्हाई लिवणार!"

"का रं? तालमीत दुसरं हाय कोण? कुणाला कळणार?"

"मला कळंल की!" हिंदुराव ओरडला. कान लालबुंद झाले होते. "मी पाडलंच न्हाई तुमास्नी. फुकटचं नाव लावाया हिंदुराव काय भिकारी हाय?"

आणि त्याची नजर दुसऱ्या हातातल्या बाटलीवर गेली, तसा तो एकदम थांबला.

वस्तादांनी पडल्या पडल्या हात वर केला. हिंदुरावनं त्यांना ओढून उभं केलं, खाली मान घालून त्यांच्या पाठीची माती झाडली. बराच वेळ झाडत राहिला.

वस्ताद वळले. त्याच्या छातीवर जोरात थाप मारली.

"उद्या ह्यो गडी उतरव मैदानात. मी फुडंच बसतो."